आग्वादच्या कोठड्यांतली माणसे कुठे आहेत?

मा. पर्यटनमंत्री,
गोवा राज्य, पणजी.

महोदय,


गोवामुक्तीला साठ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, 19 डिसेंबर 2021 रोजी, आग्वादच्या जुन्या तुरुंगाचे संग्रहालय झाले. पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले, भाषणे झाली, वर्तमानपत्रांनी पुरवण्या काढल्या. 2015 मध्ये कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवले, तेव्हापासून त्या जागेचे काय होणार याची अनेकांना धास्ती होती. समुद्राला लागून असलेली, मांडवीच्या मुखावरची अशी मोक्याची जमीन गोव्यात मोकळी राहत नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ती वाचली, सार्वजनिक राहिली, याबद्दल आपल्या सरकारचे आभार आधी मानतो. तक्रार त्यानंतरची आहे.

मी सीमेच्या अलीकडचा, सिंधुदुर्गातला. आमच्याकडच्या माणसाला पणजी मुंबईपेक्षा जवळची. बाजारहाट, दवाखाना, सोयरीक, सगळ्याला आम्ही बांद्यावरून पत्रादेवी ओलांडून येतो. त्यामुळे हे पत्र परक्याचे समजू नये. आग्वादच्या कोठड्यांत आमच्या बाजूची माणसेही होती, आणि पत्राचा विषय तोच आहे.

त्याआधी किल्ल्याविषयी थोडे. आपल्याला हे ठाऊक असणारच, पण रोज तिथे येणाऱ्या शेकडो पर्यटकांना ते ठाऊक नसते, आणि संग्रहालय त्यांच्यासाठी आहे.

आग्वादच्या दरवाजावरच्या कोरीव लेखात 1612 हे साल आणि व्हाइसरॉय रुय द ताव्होराचे नाव आहे. त्या काळी पोर्तुगाल आणि स्पेन यांचा राजा एकच होता, फिलिप. 1580 पासून ही युती होती आणि तिची किंमत गोव्याने मोजली. स्पेनचे हाडवैरी असलेले डच आपोआप पोर्तुगीजांचेही वैरी झाले. 1604 मध्ये डच जहाजांनी गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा मांडवीचे तोंड किती उघडे आहे हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले. रेइश मागूशचा किल्ला होता, पण तो नदीत बराच आत, जिथे पात्र अरुंद होते तिथे. बाहेरून येणारे जहाज आधीच अडवायचे तर भूशिराच्या टोकाला तोफा हव्या होत्या. मग आग्वाद उभा राहिला. समोर काबो, आत रेइश मागूश, पलीकडच्या काठावर गास्पार दियश आणि दक्षिणेला जुवारीच्या मुखाशी मुरगाव, अशी ती साखळी होती. तिच्यातला आग्वाद सर्वांत पुढचा आणि सर्वांत मोठा. त्यावर 79 तोफा होत्या असे सांगतात.

पण तोफा सगळ्याच किल्ल्यांवर असतात. आग्वादचे खरे बळ त्याच्या पोटात आहे. किल्ल्याच्या नावातच पाणी आहे, आणि वरच्या भागात जमिनीखाली एक प्रचंड टाकी आहे. सोळा खांबांवर तोललेली ही टाकी 23,76,000 गॅलन पाणी धरते, म्हणजे आजच्या मापात एक कोटी लिटरच्या वर. खालच्या अंगाला जिवंत झरा वेगळाच. लिस्बनहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून कित्येक महिन्यांनी येणाऱ्या आणि परत निघणाऱ्या जहाजांची पिंपे इथल्या पाण्यावर भरत. आज पर्यटक त्या टाकीच्या छतावर उभे राहून फोटो काढतात. पायाखाली काय आहे याची कल्पना दहातल्या नऊ जणांना नसते. पायऱ्या उतरून जाळीतून आत डोकावले तर अंधारात खांबांच्या कमानी एकामागे एक जाताना दिसतात, ओलसर गारवा तोंडावर येतो, आणि जांभ्याच्या त्या कोरड्या, तापलेल्या पठारावर एवढे पाणी कसे साठवले असेल याचे नवल वाटते. संग्रहालयाची गोष्ट इथून सुरू व्हायला हवी, असे माझे मत आहे.

कारण हा किल्ला का पडला नाही, याचे उत्तर या पाण्यात आहे. 1636 ते 1644 या काळात डच आरमार दर मोसमात गोव्यासमोर येऊन ठाण मांडत असे. पाऊस जवळ आला की मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध जहाजांना धोक्याचा होई, दर्या खवळे आणि डचांना निघून जावे लागे. आग्वादमधल्या शिबंदीला मात्र पाण्याची ददात नव्हती. 1683 च्या डिसेंबरात संभाजीमहाराजांच्या फौजा बार्देशात घुसल्या. थिवी, शापोरा हातात आले, जवळजवळ सगळे बार्देश मोकळे झाले, व्हाइसरॉय (गंमत म्हणजे त्याचेही आडनाव ताव्होराच, फ्रांसिस्को द ताव्होरा) हतबल झाला. पण आग्वाद आणि रेइश मागूश हे दोन किल्ले हाती लागले नाहीत. जानेवारीत शाहजादा मुअज्जमची मोगल फौज खाली उतरली आणि महाराजांना माघारी फिरावे लागले. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्याच धामधुमीत सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देश काबीज केले, आणि पुन्हा तेच दोन किल्ले शिल्लक राहिले. ज्या किल्ल्याला स्वतःचे पाणी आहे आणि ज्याची पाठ समुद्राकडे उघडी आहे, त्याला जमिनीवरून वेढा घालून उपाशी मारता येत नाही. आम्हा मराठी माणसांना ही हार सांगताना जीभ अडखळते. पण संग्रहालयात ती सांगितलीच पाहिजे. आपल्याला न घेता आलेल्या किल्ल्याची रचना नीट समजून घेण्यात कसला आला कमीपणा?

मधला काळ मी भरभर ओलांडतो. 1799 ते 1813 इंग्रजांनी फ्रेंचांच्या भीतीने इथे आपली फौज बसवली. 1864 मध्ये दीपस्तंभ झाला, 1976 मध्ये नवा झाला आणि जुना निवृत्त झाला. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या पडलेल्या चर्चची मोठी घंटा काही काळ आग्वादच्या दीपस्तंभावर होती. 1871 मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये गेली आणि आजही तिथेच वाजते. तोफांच्या जमान्याचा अंत झाल्यावर किल्ला निरुपयोगी झाला. निरुपयोगी किल्ल्याचे काय करायचे हा प्रश्न जगभरच्या सरकारांना पडला आणि जगभर त्यांनी एकच उत्तर काढले: भिंती जाड आहेत, तिन्ही बाजूंना पाणी आहे, कैदी ठेवा. सालाझारच्या पोर्तुगालने तर हे उत्तर घाऊक प्रमाणात वापरले.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना 1946 मध्ये पकडले. 18 जून 1946 रोजी राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, त्यानंतरच्या धरपकडीतले ते सर्वांत मोठे नाव. आग्वादच्या अंधाऱ्या, ओल आलेल्या कोठडीत त्यांना ठेवले, लष्करी न्यायालयापुढे उभे केले, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालला पाठवले. लोहिया सप्टेंबरात पुन्हा आले. कुळ्याच्या स्टेशनावर त्यांना उतरवून आग्वादमध्येच डांबले होते. आपल्या संग्रहालयात या दोघांच्या नावाने कोठड्या राखल्या आहेत, ते योग्यच झाले.

पण दोघांवर भागत नाही. 1955 साल घ्या. 18 मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी पुण्याहून येऊन सीमेत शिरली. पाठोपाठ जूनमध्ये जगन्नाथराव जोशी, जुलैमध्ये मधु लिमये. गोऱ्यांना दहा वर्षे, लिमयांना बारा वर्षे. शिरुभाऊ लिमये आत होते, बंगालचे खासदार त्रिदिब चौधरीही होते. समाजवादी, जनसंघीय, क्रांतिकारी समाजवादी, सगळे एकाच तुरुंगात! दिल्लीच्या संसदेत ही मंडळी पुढे एकमेकांवर तुटून पडली, पण 1957 च्या सुरुवातीपर्यंत त्यांनी आग्वादचे एकच पाणी प्यायले. आजच्या राजकारणात अशी सरमिसळ कुणाला सोयीची नसते. प्रत्येक पक्ष आपापला हुतात्मा शोधतो. आग्वादला ती चैन परवडणार नाही, कारण कोठडीच्या दारावर पक्षाचे चिन्ह नव्हते.

ही झाली मोठी नावे. त्यांच्यामागे शेकडो लोक आहेत: बार्देशचे, पेडण्याचे, फोंड्याचे, सावंतवाडी-वेंगुर्ल्याचे, पुण्या-सोलापूरचे. शिक्षक, दुकानदार, शेतकरी, विद्यार्थी. काहींना वर्षभराची शिक्षा झाली, काहींना दहा-दहा वर्षांची. यांच्यातल्या कितीजणांची नावे एका जागी, गावासह, वयासह, शिक्षेसह लिहिलेली आज कुणाला वाचता येतात? घराघरांत कहाण्या आहेत. आजोबा आग्वादला होते एवढे नातवाला ठाऊक असते, कोणत्या साली, किती महिने, कशासाठी, हे विचारले की तो आईकडे पाहतो, आई भिंतीवरच्या फोटोकडे.

एका माणसाचे उदाहरण देतो. मोहन रानडे यांचे नाव आपण जाणताच. सांगलीकडचे हे तरुण 1950 च्या सुमारास सावईवेऱ्यात मराठी शिकवायला आले, आझाद गोमंतक दलात शिरले आणि 1955 च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा 26 वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेले. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, रानडे मात्र लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यातच. होय, तोही किल्लाच. सुटका झाली जानेवारी 1969 मध्ये, मुक्तीनंतर सात वर्षांनी. त्यासाठी इकडे सुधीर फडके यांनी समिती चालवली, गावोगाव फिरले, दिल्लीचे उंबरठे झिजवले. ‘गीतरामायणा’चे बाबूजी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, दादरा-नगरहवेलीच्या सशस्त्र मुक्तीत आणि रानड्यांच्या सुटकेत त्यांचा केवढा वाटा होता, हे नव्या पिढीला सांगावे लागते. आणि रानड्यांचे मूळ नाव मोहन रानडे नव्हतेच. ते मनोहर आपटे. भूमिगत काम करणाऱ्यांच्या याद्या म्हणूनच नुसत्या ऐकीव माहितीवर होत नाहीत. त्यासाठी न्यायालयाचे कागद, तुरुंगाच्या नोंदवह्या, पोलिसांची टिपणे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. हे काम कंत्राटदाराचे नाही, अभिलेख वाचणाऱ्या माणसाचे आहे.

आणखी एक प्रसंग या किल्ल्याच्या नावावर आहे, तो फार थोड्यांना ठाऊक आहे. 18 डिसेंबर 1961. उत्तरेकडून आलेले भारतीय सैन्य संध्याकाळी बेतीला पोहोचले. समोर मांडवी, पलीकडे पणजी, पूल उडवलेले. सेव्हन्थ कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू यांना कळले की जवळच आग्वादमध्ये भारताच्या बाजूचे कैदी आहेत. त्यांना सोडवायला ते निघाले. किल्ल्यातल्या शिबंदीला शरणागतीचा हुकूम पोहोचलेला नव्हता. आतून गोळीबार झाला आणि मेजर सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल तिथेच पडले. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागतीवर सही केली. इतक्या थोड्या तासांच्या फरकाने गेलेली ही दोन माणसे, आणि तीही किल्ला जिंकायला म्हणून नव्हे, कैदी सोडवायला गेलेली. आग्वादचा साडेतीनशे वर्षांचा लष्करी इतिहास या प्रसंगाशी संपतो. संग्रहालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ही दोन नावे पाठ असली पाहिजेत.

महोदय, पोर्तुगालमध्ये पेनिश नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. लिस्बनच्या उत्तरेला, अटलांटिकमध्ये घुसलेल्या कातळी भूशिरावर. 1557 मध्ये तिथे किल्ल्याचे काम सुरू झाले, 1645 मध्ये संपले. 1589 मध्ये इंग्रजांचे आरमार नेमके तिथेच किनाऱ्याला लागले होते, त्यावरून किल्ला किती गरजेचा होता ते कळते. आग्वादचा हा थोरला भाऊच म्हणा. तोफांचे दिवस संपल्यावर त्याचेही तेच झाले. 1934 पासून सालाझारने तिथे राजकीय कैदी ठेवले. कुन्हांना आग्वादहून नेले ते इथे. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे, जुझे इनासियो लोयोला हेही तिथेच होते. गोव्याचा आणि पेनिशचा संबंध असा आहे. कुन्हा 1953 मध्ये पोर्तुगालमधून निसटून पॅरिसमार्गे मुंबईला आले आणि 1958 मध्ये मुंबईतच वारले. मुक्त गोवा त्यांनी पाहिला नाही.

पेनिशमधून 3 जानेवारी 1960 रोजी कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्यल यांच्यासह दहा कैदी निसटले, चादरींना गाठी मारून तटावरून खाली उतरले. पहाऱ्यावरचा एक शिपाईच त्यांना सामील होता. 25 एप्रिल 1974 रोजी लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि 27 एप्रिलला पेनिशचे कैदी सुटले. योगायोग पाहा, त्याच 1974 सालाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. आणि त्याच साली आपल्याकडे आग्वादच्या शिकेरीच्या बाजूला पंचतारांकित हॉटेल सुरू झाले. तुरुंग मात्र शेजारी चालूच राहिला, आणखी चाळीस वर्षे. स्वतंत्र भारताचा तुरुंग. त्या चाळीस-पन्नास वर्षांबद्दलही संग्रहालयाने दोन शब्द बोलावेत असे मला वाटते, पण तो आग्रह आज धरत नाही.

पेनिशवरही हॉटेलचे संकट आले होते. 2016 मध्ये पोर्तुगीज सरकारने पडीक ऐतिहासिक वास्तू खासगी गुंतवणूकदारांना चालवायला देण्याची यादी काढली आणि तीत पेनिशचा किल्ला होता. जुने कैदी खवळले. नव्वदीला टेकलेली माणसे काठ्या टेकत सभांना आली. ज्या कोठडीत आम्ही तरुणपण काढले तिथे पाहुण्यांसाठी गाद्या घालणार का, असा त्यांचा सवाल होता. सरकारने यादीतून नाव काढले. 2017 मध्ये राष्ट्रीय संग्रहालय करायचे ठरले, 2019 मध्ये कैद्यांच्या नावांचे स्मारक उभे राहिले, आणि 27 एप्रिल 2024 रोजी, सुटकेला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, संपूर्ण संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

तिथल्या दोन गोष्टी मी आपल्यापुढे ठेवतो. पहिली, भेटीची खोली. कैदी एका बाजूला, बायको-मुले दुसऱ्या बाजूला, मध्ये काच, आणि बोलणे ऐकायला पहारेकरी. ती खोली त्यांनी तशीच राखली आहे. तिथे काही दाखवायला यंत्रे लागत नाहीत. दुसरी, नावांची भिंत. सुमारे अडीच हजार नावे. कुणी मंत्री झाला की कोळी राहिला, याने अक्षरांचा आकार बदललेला नाही. एवढ्या नावांची यादी आपोआप तयार होत नाही. पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांचे दप्तर लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, ते चाळून, जुळवून, नातेवाइकांना विचारून ती झाली.

आपल्याकडे तर अभिलेखांची परंपरा त्याहून अभिमानाची आहे. गोव्याचे पुराभिलेखागार 1595 पासूनचे, दियोगो दो कोउतो हा त्याचा पहिला अधिकारी. पांडुरंग पिसुर्लेकरांसारखा विद्वान त्याच दप्तरांत आयुष्यभर बसला आणि मराठ्यांच्या इतिहासाला पोर्तुगीज कागदांचा आधार मिळवून दिला. त्या गोव्यात आग्वादच्या कैद्यांची पूर्ण यादी तयार होऊ शकत नाही, हे मी मानणार नाही. पैशाचाही प्रश्न नाही. एका संगीत महोत्सवाच्या रोषणाईवर होतो तेवढ्या खर्चात दोन पोर्तुगीज जाणणारे संशोधक काही वर्षे काम करतील.

महोत्सवाचे नाव निघालेच आहे म्हणून बोलतो. आग्वादच्या तुरुंगाच्या आवारात आज मैफली होतात, प्रदर्शने होतात, खाण्यापिण्याची सोय आहे. माझा त्याला सरसकट विरोध नाही. मुंबईहून आलेल्या पोरांनी तिथे गाणे ऐकले तर हुतात्म्यांचा अपमान होतो, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. लोक आले पाहिजेत, आणि देखभालीला पैसा लागतो. पण गाड्याबरोबर नळ्याची यात्रा होते तशी इथे इतिहासाची होऊ लागली आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमाला आलेला माणूस जाता जाता दोन कोठड्यांत डोकावतो आणि गाडीत बसतो. किल्ला पाहिला म्हणतो. बऱ्याचदा तर ‘दिल चाहता है’मधला किल्ला हाच ना, असेही विचारतो, आणि तो शापोराचा आहे हे सांगितल्यावर हिरमुसतो.

तेरेखोलचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. खेम सावंत भोसल्यांनी बांधलेला, 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला हा देखणा किल्ला. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तिथे तिरंगा फडकावला. त्या किल्ल्यात पुढे वर्षानुवर्षे हॉटेल चालले. आत जायचे तर पाहुणा म्हणून जावे लागे, आणि सत्याग्रहींच्या गावच्या माणसाला तिथला चहा परवडण्यासारखा नव्हता. उलट रेइश मागूश पाहा. तोही 1993 पर्यंत तुरुंगच होता. परदेशी न्यासाच्या मदतीने, वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांच्या देखरेखीखाली त्याची डागडुजी झाली आणि 2012 मध्ये तो लोकांना पाहायला मिळाला. मारिओ मिरांडांची चित्रे तिथे आहेत. कुठे थांबायचे ते त्या कामाला कळले होते: दगड दिसतो, चुना दिसतो, मांडवी दिसते, आणि बाकीचे सगळे मागे राहते. तिकीटही माणसाच्या आवाक्यातले.

आग्वादची आणखी एक अडचण अशी की एकाच किल्ल्याचे तुकडे पडले आहेत. वरचा बालेकिल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. खालचा तुरुंग राज्याकडे. शिकेरीचा बुरूज हॉटेलच्या कडेला. पर्यटक वर जातो तेव्हा त्याला तोफा आणि पाणी समजते, खाली येतो तेव्हा तुरुंग समजतो, आणि हे दोन्ही एकाच किल्ल्याचे भाग आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. दिल्ली आणि पणजी यांनी एक तिकीट, एक नकाशा आणि एक चालण्याची वाट एवढे जरी ठरवले तरी पुष्कळ झाले. (याच किनाऱ्यावर 2000 साली एक मालवाहू जहाज वाळूत रुतले आणि ते काढायला सरकारी कागदांना दहा-बारा वर्षे लागली, हे मला आठवते. म्हणून फार मोठी अपेक्षा धरत नाही.)

तर माझे मागणे असे. आग्वादमध्ये 1946 ते 1961 या काळात ठेवलेल्या प्रत्येक राजकीय कैद्याची यादी करण्याचे काम पुराभिलेख खात्याकडे सोपवा. नाव, गाव, वय, आरोप, शिक्षा, सुटकेची तारीख. लिस्बनच्या अभिलेखागाराकडे आणि पेनिशच्या संग्रहालयाकडे सरकारी पातळीवर पत्र पाठवून गोव्याच्या कैद्यांच्या दप्तरांच्या प्रती मागा. दोन्ही देशांचे संबंध आज चांगले आहेत, नकार येण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सरकारला पत्र लिहून सत्याग्रहींच्या कुटुंबांकडची पत्रे, डायऱ्या, फोटो मागवा. पुण्यात, कोल्हापुरात, सावंतवाडीत कपाटांतून हे कागद पडले आहेत, आणि वाळवीला फार वेळ लागत नाही. सत्याग्रहाच्या वेळी वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदी ओलांडून गेला आहे. जे हयात आहेत त्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण याच वर्षी व्हायला हवे, पुढच्या अर्थसंकल्पाची वाट न पाहता. फलक कोकणी आणि मराठीतूनही असावेत, आणि पोर्तुगीजमधूनही असावेत. लिस्बनहून येणाऱ्या पर्यटकाला आपल्या देशाचा हा अध्याय आपल्या भाषेत वाचता आला पाहिजे. आणि ज्यांच्या घरातला माणूस तिथे होता, त्यांना तिकीट लावू नका.

यातल्या कुठल्याही गोष्टीला नवे बांधकाम लागत नाही, किनारी नियमनाची परवानगी लागत नाही. येत्या 19 डिसेंबरला आपण आग्वादला जाल तेव्हा निदान पहिली शंभर नावे तरी तुरुंगाच्या आतल्या भिंतीवर लागलेली असावीत, ही विनंती. आमच्या तालुक्यातली आठ-दहा नावे कागदपत्रांसह गोळा करून द्यायला मी तयार आहे. आपल्या खात्याने कुणाकडे पाठवायची तेवढे कळवावे.

आपला,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक वाचक